एक निकाह, दोन निवाडे

माझा निकाह दोनदा मोडला गेला. पहिल्यांदा दारुल कजाच्या, म्हणजे शरीअतप्रमाणे घरगुती तंट्यांचा निवाडा करणाऱ्या संस्थेच्या, काझींनी तो फस्ख केला, म्हणजे काझी या नात्याने रद्द ठरवला. आणि त्यानंतर बऱ्याच काळाने कौटुंबिक न्यायालयाने त्याच नवऱ्याविरुद्ध, त्याच कारणावरून आणि बहुतेक त्याच पुराव्याच्या आधारे विवाहविच्छेदाचा हुकूमनामा दिला. मधल्या काळात मी मोहल्ल्याच्या लेखी सुटलेली होते आणि सरकारदप्तरी विवाहित होते. दारुल कजाविषयी जे छापले आणि बोलले जाते ते बहुधा तिथे कधीही पाऊल न टाकलेल्या माणसांचे असते. एक पक्ष त्याला समांतर न्यायालय ठरवून मोकळा होतो, दुसरा त्याच्यावर बोट ठेवू देत नाही. मी तिथे अर्जदार म्हणून बसले आहे आणि नंतर सरकारी न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही उभी राहिले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका आहे. घरी आम्ही दखनी बोलतो, पण लिहिणे-वाचणे सगळे मराठीत; उर्दू मला वाचता येत नाही. सासर ठाणे जिल्ह्यातले. पती काही वर्षे आखातात नोकरीला होते, परत आले, आणि मग मला व मुलीला नांदवायचेही नाही आणि सोडायचेही नाही अशी गत झाली. दोन वर्षांहून अधिक काळ घरखर्चाला एक रुपया आला नाही. तलाक द्यायला ते तयार नव्हते, कारण तलाक दिला की निकाहनाम्यातला उधार मेहर, म्हणजे निकाहात बायकोला द्यायची ठरलेली पण नंतर देण्यावर ठेवलेली रक्कम, चुकता करावा लागतो. मेहर ५१ हजार रुपयांचा होता. आजच्या हिशेबाने रक्कम किरकोळ, पण पुढची सगळी ओढाताण तिच्याभोवतीच झाली.

सरळ न्यायालयात जावे असे माझे मत होते. अम्मा आणि मामू यांचे नव्हते. मामूंचा आक्षेप साधा होता: न्यायाधीशाने मोडलेला निकाह शरीअतच्या दृष्टीने मोडला का, याची खात्री कोण देणार? हा आक्षेप त्यांनी मनाने काढलेला नव्हता. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याच्या वेळी नेमका हाच वाद झाला होता. नवरा परागंदा असला किंवा पोसत नसला तरी हनफी या सुन्नी विचारपंथाच्या मतानुसार बायकोची सुटका जवळजवळ अशक्य होती, आणि त्यामुळे पंजाबात काही स्त्रिया धर्म सोडून निकाहातून सुटू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या हनफी विद्वानांनी अशा प्रकरणांत मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या मताचा आधार घेण्यास मोकळीक दिली आणि त्याच धर्तीवर कायदा आला. मूळ विधेयकात असे दावे मुस्लिम न्यायाधीशापुढेच चालावेत अशी तरतूद होती. ती गाळली गेली, आणि उलेमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, मोठा वर्ग नाराज राहिला. बिहारमध्ये १९२१ मध्ये स्थापन झालेल्या इमारत-ए-शरीअत या धार्मिक संस्थेने दारुल कजाची घडी आधीच बसवली होती. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने पुढे ती इतरत्र नेली. मामूंना हा इतिहास ठाऊक नव्हता, पण त्यातून उरलेली शंका त्यांच्यापर्यंत बरोबर पोचली होती. अम्मा एवढेच म्हणाली, की कोर्टाचा कागद तू साहेबांना दाखवशील, मला मात्र काझींचा कागद पाहिजे. माहेरी राहायचे होते आणि मुलीला अम्माच सांभाळणार होती. म्हणून आधी दारुल कजा.

ते मदरशाच्या वरच्या मजल्यावर होते. दोन लोखंडी कपाटे, एक लांब टेबल, आवक-जावकची नोंदवही आणि प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल. दप्तर चोख होते, हे मान्य केले पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणच्या पुष्कळ कचेऱ्यांपेक्षा चोख. वकील लागत नाही, शुल्क नाममात्र. निकाहनाम्याची प्रत, आधार कार्ड, साक्षीदारांची नावे आणि या विषयावर कोणत्याही न्यायालयात दावा चालू नसल्याचे लेखी निवेदन एवढे द्यावे लागते. अर्जाचा छापील नमुना उर्दूत होता. मुन्शींनी माझी हकीकत ऐकून तो भरला आणि मी आग्रह धरला म्हणून एकेक ओळ वाचून दाखवली. विषयाच्या जागी त्यांनी ‘दरखास्त बराए खुला’, म्हणजे खुल्यासाठी अर्ज, असे लिहिले होते. मी खुला मागितलेला नाही, मला फक्त सुटका हवी आहे, असे मी म्हणाले, तेव्हा ते सहज म्हणाले, ‘औरतों की तरफ से आता है तो खुलाच लिखते हैं.’

खुला म्हणजे बायकोने काही मोबदला देऊन, बहुधा मेहर सोडून, नवऱ्याकडून घेतलेली सुटका. इथल्या काझींच्या मते तिला नवऱ्याची संमती लागते. नवऱ्याचा दोष सिद्ध झाला तर काझी स्वतः निकाह फस्ख करतो आणि मग बायकोचा मेहर बुडत नाही. व्यवहारात फरक एवढाच आहे, पण तो अर्ज लिहिताना कोणी सांगत नाही. पहिल्या सुनावणीत मी हाच मुद्दा काढला. काझीसाहेबांनी शांतपणे ऐकले, अर्ज पुढे ओढला, ‘खुला’ या शब्दावर आडवी रेघ मारली, वर ‘फस्ख-ए-निकाह’ लिहिले आणि बाजूला तारीख घालून आद्याक्षरी केली. त्या रेघेचे मोल मला पुढे कळले.

नवऱ्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. ते आले नाहीत, पुन्हा नोटीस गेली. दरम्यान सुलह, म्हणजे समेट, घडवण्याचा प्रयत्न झाला आणि तो भाग मला फार जड गेला. नोकरी सोडून सासरी राहायला जाशील का, हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत इतक्या वेळा विचारला गेला, की पोसत कोण नाही याची चौकशी चालली आहे की नोकरी कोण करते याची, असे वाटू लागले. काझीसाहेब उद्धट मुळीच नव्हते. ‘बेटी’ म्हणत, अम्माला खुर्ची देत, माझे बोलणे मध्येच तोडत नसत. पण पगार मिळवणाऱ्या बाईला नवऱ्याने पोसायचे कशाला, हा भाव त्या खोलीत होता. शरीअत तसे म्हणत नाही. बायकोचे उत्पन्न काहीही असले तरी नफका, म्हणजे पोसण्याचा खर्च, नवऱ्यावरच आहे. मी तेच त्यांना विचारले, आणि त्यांनी ते कबूल केले.

अखेर नवऱ्याचे पत्र आले. उर्दूत, स्वतःच्या सहीचे. त्यात त्यांनी लिहिले होते, की बायको माहेरी राहते म्हणून मी खर्च पाठवणे बंद केले आहे. तिला जायचे असेल तर तिने मेहर माफ करावा, दागिने परत करावेत आणि खुला घ्यावा. तलाक मी देणार नाही. काझीसाहेबांनी खुला घेऊन मोकळे होण्याचा मार्ग माझ्यापुढे ठेवला, तो लवकर संपतो हेही सांगितले, पण मी नको म्हटल्यावर दबाव आणला नाही. मामूंची आणि शेजारच्या एका गृहस्थांची साक्ष झाली, मला शपथ देऊन बयान घेतले गेले आणि काही आठवड्यांनी फस्खचा लेखी निवाडा मिळाला. त्यात हकीकत होती, दोन्ही बाजूंचे म्हणणे होते, कारणे होती, इद्दत, म्हणजे दुसरा निकाह करण्याआधी बाईने थांबण्याचा काळ, केव्हापासून मोजायची ते होते. अम्माने तो कागद डोळ्यांना लावला. अर्ज दिल्यापासून वर्षही झाले नव्हते.

सेवापुस्तिकेत वैवाहिक स्थिती आणि नामनिर्देशन बदलून घ्यायला मी तो निवाडा मराठी भाषांतरासह पंचायत समितीत दिला. तिथल्या लिपिकाने तो परत केला आणि न्यायालयाचा हुकूमनामा आणा असे सांगितले. मला राग आला, पण चूक त्याची नव्हती. मग मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी मला कायद्याची बाजू समजावली, ती थोडक्यात अशी. ब्रिटिश न्यायालयांत मुस्लिम कायदा सांगण्यासाठी काझी आणि मौलवी नेमलेले असत. १८६४ मध्ये ती पदे रद्द झाली. १८८० च्या काझी कायद्याने निकाह लावण्यासाठी काझी नेमण्याची सोय पुन्हा झाली, पण त्याच कायद्यात स्पष्ट म्हटले आहे, की यामुळे काझीला न्यायदानाचा कोणताही अधिकार मिळत नाही. दारुल कजा बंद करावीत अशी मागणी करणारी विश्व लोचन मदन यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाली काढली. दारुल कजाला किंवा फतव्याला कायद्याचे पाठबळ नाही, तो कोणावर बंधनकारक नाही, तो लादणे बेकायदा आहे, मात्र दोन पक्षांनी आपखुशीने तिथे जाऊन आपसांत मिटवायला मनाई नाही, असा त्याचा आशय. सिंगापुरात शरीअत न्यायालय हे कायद्याने स्थापन झालेले सरकारी न्यायालय आहे. आपल्याकडे दारुल कजा लवादासारखे आहे, आणि तोही ज्याच्या निवाड्याची अंमलबजावणी करता येत नाही असा.

वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी दारुल कजात कोणाच्या तोंडून आली नव्हती. मी खुला घेतला असता तर निदान वाद घालायला जागा होती. १९३७ च्या शरीअत कायद्यात तलाक, खुला, मुबारत (दोघांच्या संमतीने सुटका) या न्यायालयाबाहेरच्या प्रकारांचा उल्लेख आहे, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आपलाच १९७२ चा निकाल रद्द ठरवून बायकोला न्यायालयाबाहेर खुला घेता येतो असे म्हटले आहे. तसा खुला घेतलेली बाई आपली वैवाहिक स्थिती जाहीर करून मागण्यासाठी कौटुंबिक न्यायालयात जाऊ शकते. फस्खचे तसे नाही. त्याच केरळच्या निकालानुसार फस्ख १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयातूनच मिळतो. म्हणजे मेहर वाचवणारा मार्ग मी निवडला आणि नेमका तोच मार्ग सरकारी न्यायालयातून गेल्याशिवाय पुरा होत नव्हता. दोन व्यवस्थांच्या सांध्यात बाई कशी अडकते याचे यापेक्षा नेमके उदाहरण मला माहीत नाही.

हा पेच नुसता कागदोपत्री नव्हता. इद्दत संपल्यावर लवकरच एका नातलगांनी माझ्यासाठी स्थळ आणले. माणूस भला होता, घरचे सगळे राजी होते, आणि काझींच्या निवाड्यावर निकाह पढवून द्यायला कोणाची हरकत नव्हती. वकीलबाईंनी मात्र मला समोर बसवून सांगितले, की कायद्याच्या दृष्टीने तुमचा पहिला विवाह अजून उभा आहे. तुम्ही दुसरा निकाह केलात आणि नवऱ्याने फिर्याद दिली तर द्विविवाहाचा गुन्हा तुमच्यावर लागू शकतो, आणि नोकरीवरही गदा येईल. मुस्लिम पुरुषाला त्या कलमाची भीती नसते, बाईला असते. मी स्थळ थांबवले. ते लोक काही काळ थांबले आणि मग त्यांनी दुसरीकडे जमवले, यात त्यांचा दोष नाही.

कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल झाला तो १९३९ च्या कायद्याच्या कलम २ खाली, दोन वर्षे खर्च न दिल्याच्या कारणावरून. सोबत मेहरची मागणी केली, कारण कलम ५ नुसार विवाहविच्छेद झाला तरी स्त्रीचा मेहरवरचा हक्क अबाधित राहतो. नोटीस बजावली जाण्यातच महिने गेले; बेलिफाचा अहवाल कधी ‘पत्त्यावर मिळून आले नाहीत’ असा, कधी ‘घर बंद’ असा. मग समुपदेशकांकडे बसणे झाले, आणि तिथेही नोकरी, सासर, मुलगी हेच प्रश्न आले. दारुल कजातल्या सुलहच्या बैठका आणि समुपदेशन यांत मला फार अंतर दिसले नाही. समुपदेशक बाई होत्या आणि त्यांच्याशी एकटीने बोलता आले, हे मात्र मोठेच अंतर होते.

नवऱ्याची कैफियत वाचून मी थक्क झाले. काझींच्या एकाही बोलावण्याला न आलेल्या माणसाने आता काझींचाच आधार घेतला होता: अर्जदाराने दारुल कजातून आधीच खुला घेतला आहे, सबब दावा चालू शकत नाही आणि मेहरचा प्रश्नच उरत नाही. सोबत माझ्या अर्जाची, म्हणजे ‘खुला’ लिहिलेल्या त्या मूळ नमुन्याची, छायाप्रत जोडली होती. नोटिशीबरोबर त्यांना जी प्रत गेली होती ती मुन्शींनी दुरुस्तीच्या आधीच काढून ठेवलेली होती.

तेव्हा दारुल कजाचे मूळ दप्तर घेऊन काझीसाहेबांना साक्षीला बोलवावे लागले. ते येतील की नाही याची मला धास्ती होती. ते आले, शेरवानी, काखेत फाईल, आणि पिंजऱ्यात उभे राहिल्यावर शपथ घेताना शिपायाच्या आधीच सगळे शब्द म्हणून मोकळे. त्यांनी रेघ मारलेला अर्ज, आद्याक्षरी, तारीख, पोस्टाच्या पावत्या आणि नवऱ्याचे ते पत्र हजर केले. सामनेवाल्यांच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारले, की निवाडा देण्याचा तुम्हाला कायदेशीर अधिकार आहे का? कोर्टात क्षणभर सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी सरळ उत्तर दिले, की नाही. जो आपखुशीने येतो त्याला शरीअतचा हुकूम सांगणे एवढेच आमचे काम आहे, आणि हा हुकूम खुल्याचा नव्हे, फस्खचा आहे. दारुल कजा म्हणजे प्रति-न्यायालय असे म्हणणाऱ्या आणि त्यावर संतापणाऱ्या, अशा दोन्ही मंडळींनी ती साक्ष ऐकायला हवी होती.

पत्र पुराव्यात घेण्यास हरकत निघाली, पण कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे वाद सोडवायला उपयोगी पडेल असा कोणताही दस्तऐवज न्यायालय पाहू शकते, मग तो पुरावा कायद्याच्या काटेकोर नियमांत बसो वा न बसो. न्यायालयाने पत्र वाचले. माहेरी राहते म्हणून खर्च बंद केला, ही नवऱ्याची स्वतःच्या हातची कबुली होती. बायको सकारण वेगळी राहत असेल तर खर्च न देण्याला सबब उरते का, यावर वकीलबाईंनी केरळ उच्च न्यायालयात असताना न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी दिलेला युसुफ रावथर खटल्याचा निकाल दाखवला. त्यात त्यांनी, दोन वर्षे खर्च दिला गेला नाही एवढे पुरे आहे, तो का दिला गेला नाही याच्या खोलात जाण्याची गरज नाही, अशी भूमिका घेतली आहे. सगळ्या उच्च न्यायालयांना ती मान्य नाही. माझ्या बाबतीत वेगळे राहायला सबळ कारण होते हे सिद्ध झाल्यामुळे तो वाद फारसा उरला नाही.

हुकूमनामा झाला, मेहर देण्याचा आदेश झाला. काझींचा निवाडा न्यायालयाने बंधनकारक मानला नाही, पण त्या निवाड्यामागचे दप्तर नसते तर माझी केस बरीच पोकळ राहिली असती. मेहर मात्र आदेश झाल्याबरोबर हातात पडला नाही. वसुलीसाठी दरखास्त दाखल केल्यावर तो हप्त्यांनी आला. न्यायालय किती सावकाश चालते यावर मी वेगळे लिहू शकेन, पण नवऱ्याला पैसे मोजायला लावण्याचे बळ त्याच्याकडेच होते. दारुल कजाचे वजन ज्याला त्याची चाड आहे त्याच्यावरच पडते, आणि अशा प्रकरणांत ती बहुधा बाईला आणि तिच्या आईबापांना असते.

समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ च्या एप्रिलमध्ये सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला आणि पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तलाक न्यायालयातूनच व्हावा, ही त्यांची मागणी मला पूर्वी फक्त पुरुषांच्या तोंडी तलाकाला लागू वाटायची. आता ती मला सर्व प्रकारच्या विच्छेदाला लागू वाटते. निवाडा एकाच ठिकाणी व्हावा, आणि तो अशा ठिकाणी व्हावा जिथून वसुलीची दरखास्त करता येते. उत्तराखंडने २०२४ च्या समान नागरी कायद्यात विच्छेद न्यायालयातूनच होईल असे ठरवले आणि बाहेरच्या विच्छेदाला शिक्षाही ठेवली. शिक्षेची बाजू मला पटत नाही. काझींचा कागद नसता तर अम्माने मला न्यायालयाची पायरी चढू दिली असती असे मला वाटत नाही. आणि अम्मासारख्या बायकांना कायद्याचा धाक घालून ती शंका जाणार नाही. तोवर दारुल कजा राहणार असेल तर त्याने निदान आपल्या मर्यादा अर्जदाराला पहिल्याच दिवशी सांगाव्यात.

म्हणून हुकूमनाम्याची नक्कल मिळाल्यावर मी ती दारुल कजाच्या फाईलला लावायला दिली आणि सोबत मुन्शींना एक कागद दिला. अर्जाच्या नमुन्यात वरच्या बाजूला, उर्दूत आणि मराठीत, तीन वाक्ये छापावीत अशी माझी सूचना होती: इथल्या निवाड्याने कायद्याने विवाह संपत नाही; खुला घेतल्यास मेहर जाऊ शकतो, फस्ख झाल्यास जात नाही; न्यायालयाचा हुकूमनामा मिळेपर्यंत दुसरा निकाह करू नये. काझीसाहेबांना त्यातली पहिली दोन वाक्ये लगेच पटली. तिसऱ्यावर ते अडले, कारण इद्दत पुरी झालेल्या बाईला निकाह करू नको असे दारुल कजाने लिहून देणे म्हणजे आपलाच निवाडा अपुरा आहे असे म्हणणे. वरिष्ठांना विचारून कळवतो, असे ते म्हणाले. परवा शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीसोबत मी तिथे गेले तेव्हा नमुना जुनाच होता. मुन्शींनी मात्र लिहायला घेण्याआधी तिला विचारले, की खुला लिहू की फस्ख.